दोन टाक्यांचं ऑपरेशन

१२ जानेवारी २०२५

चमची म्हणायचं काम नाही, आधीच सांगून ठेवते! वही उघडलीत, वाचताय, वर तोंड वाकडं करताय, करा खुशाल. पण दातीर मॅडमबद्दल मी जे लिहिणारे ती चमचेगिरी नाही. तुम्ही तेच म्हणणार जे आमचा उझैर म्हणतो, की नोकरी लागून चार दिवस झाले नाहीत आणि ही डॉक्टरणीची कव्वाली गायला लागली. उझैर माझा भाऊ आहे, त्याला म्हणायचा हक्क आहे. तुम्ही कोण?

तर ऐका. मी सुमैरा. नगरचं मुकुंदनगर. एम.ए. मराठी. कथा लिहिते. शेवटची परत आली तेव्हा संपादकांनी विचारलं होतं, कथेत नेमकं घडतं काय? मला नाही माहीत काय घडतं, म्हणून तर लिहिली होती. असो. पोटासाठी मनमाड रोडच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात लागले. डॉ. स्नेहल दातीर तिथे छातीच्या सर्जन आहेत, त्यांच्या संशोधनात मी मदतनीस. काम काय, तर ऑपरेशन होऊन घरी गेलेल्या पेशंटकडे जायचं, माणूस कसा आहे बघायचं, टॅबमध्ये भरायचं.

संशोधन असं. न्यूमोनिया अंगावर काढला की कधीकधी छातीत पू होतो. पू जुना झाला की त्याची साल बनते, जाड, चिवट, आणि ती फुफ्फुसाला आवळून धरते. माणूस श्वास ओढतो पण फुफ्फुस उघडतच नाही. ही साल काढायची तर जुनी पद्धत म्हणजे पाठीपासून पुढपर्यंत कापायचं, दोन फासळ्यांमधे जॅक लावायचा आणि फाकवायचं. हो, जॅकच. टायर बदलताना लावतात तसाच दिसतो. साल निघते, पण नंतर कितीकांचा हात शर्ट घालण्यापुरताही वर जात नाही. मॅडम हेच सगळं एका छेदातून करतात. दोन बोटं जेमतेम जातील एवढा. त्यातूनच कॅमेरा, त्यातूनच हत्यारं. इतक्या उशिरा आलेल्या पेशंटना तेवढा छेद पुरतो का आणि त्यानं माणूस लवकर उभा राहतो का, हे त्या शोधतायत. पुण्यामुंबईत बसून नाही. नगरला.

केबिनमध्ये त्यांचा बिस्किटाचा पत्र्याचा डबा आहे, झाकणाला एक भोक. आत अर्धं डाळिंब. ओपीडी संपली की भोकातून लांब चिमटे घालून दाण्यांवरचा पिवळा पापुद्रा सोलत बसतात. आतलं चित्र समोर मोबाईलवर. दाणा फुटला की स्वतःला शिवी देतात. शिवी इथे लिहीत नाही. आज म्हणाल्या, "घे, खा. एकही फुटला नाही."

मी खाल्ले. आता म्हणा चमची.

१६ जानेवारी

आज ऑपरेशन थिएटरात उभं राहू दिलं. कोपऱ्यात, हात मागे बांधून, कशाला म्हणजे कशालाही शिवायचं नाही या अटीवर.

पेशंट अश्विनी. कोल्हारची, माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठी असेल. दिवाळीपासून खोकला होता. आधी काढे झाले, मग गावातली इंजेक्शनं, मग दम लागायला लागला. उजवं फुफ्फुस सालीत पार अडकलेलं.

स्क्रीनवर सगळं मोठं दिसतं. साल पांढरट पिवळी, भांड्याला खरवड धरावी तशी घट्ट. मॅडमनी एक टोक उचललं. मला वाटलं ओढतील. ओढलं नाही. सालीच्या आणि फुफ्फुसाच्या मधे कापसाचा बोळा नेऊन अगदी हळू, लाडीगोडी लावल्यासारखं सुटं करत गेल्या. तासन् तास. उभ्याउभ्या. मधेच म्हणाल्या, "फुफ्फुस फाडायला अक्कल लागत नाही, सुमैरा. सोडवायला लागते." मग भूल देणाऱ्या डॉक्टरांना म्हणाल्या, "हं, भरा हवा."

आणि ते फुगलं. काळपट, चिंबलेलं होतं ते गुलाबी होत वर आलं, तव्यावर फुलका येतो तसं. माझ्या डोळ्यात पाणी. मास्क असला की बरं पडतं.

बाहेर अश्विनीची सासू बनुबाई आणि जीपभर माणसं. मॅडम टोपी काढत बाहेर आल्या. बनुबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "किती टाके पडले?"

"दोन."

"दोन?"

"दोनच. काळजी करू नका मावशी, छोटंसं ऑपरेशन आहे, काही नाही."

बनुबाईंनी मागे वळून सगळ्यांना बोटं दाखवली. दोन. जीपमधून आलेल्या एका काकांनी तर लगेच विषयच बदलला. "दोन टाक्याला काय भेटत बसायचं? आलोच हाय नगरला तर कापड बाजारात जाऊन येऊ, पोरीचं लग्न हाय." आणि गेले की खरंच! निम्मी जीप कापड बाजारात.

मला इतकं हसू आलं. आणि अभिमान वाटला. इतकं मोठं काम इतकं लहान करून दाखवायचं की बघायला आलेल्यांना बघण्यासारखं काही उरूच नये. याला म्हणतात हात.

१ फेब्रुवारी

कोल्हारला जाऊन आले. तारकपूर स्टँडवरून एस.टी., रस्त्याबद्दल न बोललेलं बरं. राहुरीच्या पुढे माझंच फुफ्फुस सुटं झालं असेल.

पण काय सांगू! अश्विनी अंगणात उभी. उभी म्हणजे, डोक्यावर उसाच्या वाढ्याचा भारा, गाईंना टाकायला निघालेली. मला बघून हसली, भारा टाकला, टाकीवरून हंडा भरून आणला, चहा टाकला, चहा उकळेपर्यंत भाकरीचं पीठ मळायला बसली. मी आपली बघतच राहिले. पंधरा दिवसांपूर्वी हिची छाती मी आतून पाहिली आहे.

"कधीपासून उठलीस?"

उत्तर बनुबाईंनीच दिलं. "घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी चुलीपाशी. डाक्टरीनबाईच्या हाताला गुन हाय. आमच्याकडं कसं, दोन टाक्याला कोन झोपून ऱ्हातंय."

अश्विनी पीठ मळत राहिली. ती तशी कमीच बोलते. हंडा डाव्या कमरेवर घेते आणि उजवीकडून अशी एका बाजूला झुकून चालते, जुन्या शिल्पातल्या बाईसारखी. कथेत घालीन. बोलताना मधेमधे थांबते, वाक्य तोडून तोडून बोलते. तिच्या बोलण्याला एक वेगळीच लय आहे. तीही घालीन.

श्वासाच्या व्यायामाचं ते तीन गोळ्यांचं यंत्र, नळीतून श्वास ओढायचा आणि गोळ्या वर न्यायच्या, ते विचारलं. धुऊन, पिशवीत बांधून, फळीवर देवीच्या फोटोशेजारी ठेवलेलं. हॉस्पिटलची वस्तू इतकी जपून ठेवलेली मी कुणाकडेच पाहिली नाही.

तिचा नवरा रविराज खाटेवर मोबाईल बघत होता. म्हणाला, "मॅडमला आमचा नमस्कार सांगा."

टॅबमध्ये भरलं. कामाला लागली का? हो. किती कामं करते? सगळी.

३ फेब्रुवारी

मॅडम एवढ्या खूश मी कधी पाहिल्या नव्हत्या. खिशातून शेंगदाणे काढून मलाही दिले. पुढच्या महिन्यात पुण्यात सर्जन लोकांची परिषद आहे, तिथे त्या हे सगळं मांडणार आहेत. माझे टॅबमधले आकडे त्यांनी स्क्रीनवर लावले आणि एकदम खुर्ची पुढे ओढली.

"हे बघितलंस? बायका पुरुषांच्या आधी कामाला लागतात. सगळ्याच. ऑपरेशन तेच, छेद तेवढाच, तरी बायका लवकर बऱ्या होतात. हे कुणीच मांडलेलं नाही अजून."

"म्हणजे हा शोध आहे?"

"शोध नको म्हणूस. पण आहे काहीतरी."

घरी येऊन उझैरला सांगितलं की विज्ञानानं सिद्ध झालंय, बायका लवकर बऱ्या होतात. उझैर म्हणाला, "त्यात काय विज्ञान? अम्मीला ताप असतो तेव्हा पण रोटी ती बनवते." याला कुठल्याही गोष्टीतलं मोठेपण म्हणून कळत नाही.

१२ फेब्रुवारी

अश्विनी परत आली. ताप. धाप. जीपमधून उतरवून घ्यावं लागलं. एक्स-रेमध्ये उजवीकडे खाली सगळं पांढरं.

मॅडम फिल्म उजेडाला धरून उभ्या होत्या. खूप वेळ.

१३ फेब्रुवारी

वॉर्डात. मी आणि मॅडम. आजचं जसंच्या तसं लिहून ठेवते, मला अजून हे नीट पचलेलं नाही.

"गोळ्यांचं यंत्र करत होतीस?"

"न्हाई."

"का गं? सांगितलं होतं ना, दर तासाला."

"कधी करनार? पहाटं धारा, मग भाकरी, मग वाढं आनायचं, मग धुनं. दुपारी बसले की आत्या म्हनायच्या, खेळती का काय ल्हान पोरावानी."

"दुखत होतं?"

"वाकलं की कळ यायची. म्हनून श्वासच घेत न्हवते वाकताना. थोडा थोडा घ्यायचे, वरच्यावर."

"मग सांगितलं का नाहीस? ही सुमैरा आली होती की घरी."

अश्विनीनं माझ्याकडे पाहिलं. "ताई लई खूश हुत्या," ती म्हणाली.

मॅडमनी मला झापलं असतं तर बरं झालं असतं.

आता असं आहे की आत परत पाणी साठलंय आणि ते पुन्हा घट्ट व्हायला लागलंय. फुफ्फुसाचा खालचा भाग पुन्हा दबलाय. परत ऑपरेशन करावं लागणार. यावेळी छेदातून निघेलच असं नाही, मॅडमनीच रविराजला सांगितलं. नाही निघालं तर छाती उघडायची. आणि तरीही तो भाग उघडला नाही तर अश्विनीला आयुष्यभर जिना चढताना बसावं लागेल.

रविराज म्हणाला, "पण तुम्ही तर म्हणला होता छोटंसं आहे."

१५ फेब्रुवारी

दुपारी मॅडम दिसेनात. शोधत गेले तर आवारात लिंबाखाली, बनुबाईंच्या शेजारी, चक्क खाली बसलेल्या. बनुबाई फडक्यातली भाकरी खात होत्या, मॅडम शेंगदाणे. मला वाटलं झापायला गेल्या असतील. मी तर मनातल्या मनात भाषण तयार ठेवलं होतं, मॅडम थकल्या की मी सुरू करणार होते.

बनुबाईच बोलत होत्या. "माजी पिशवी काडली तवा हितनं तितपत्तोर टाके." पोटावरून हात फिरवून दाखवला. "माजी सासू म्हंजी वाघीन. सनाला सुदिक बसू द्यायची न्हाई. पन ते टाके बघितलं आन गप झाली. सव्वा महिना खाटंखाली पाय ठिवू दिला न्हाई मला. सोता भाकरी थापल्या. सगळं गाव भेटाया आलं. तेवढाच काय तो सव्वा महिना बसले बगा मी जल्मात."

"आणि अश्विनीला दोनच टाके."

"मग? दोन टाके तर माज्या नातवाला गुडग्याला पडले हुते, दुसऱ्या दिवशी सायकल चालवीत हुता. तुमीच म्हनला, मावशी छोटंसं हाय, काय न्हाई. म्हनला का न्हाई?"

"म्हणाले."

"मग मी काय वंगाळ केलं?"

मॅडमनी मूठभर शेंगदाणे त्यांच्या फडक्यात ठेवले. "तुम्ही नाही, मावशी."

परत येताना जिन्यात म्हणाल्या, "कातडी छोटी कापली आणि अख्खं ऑपरेशन छोटं म्हणून विकलं मी. हिला, हिच्या सासूला, स्वतःला. आणि वर मोजलं काय, तर बाई कामाला कधी लागली. लवकर लागली की टाळ्या."

माझी खात्री आहे की त्या स्वतःला उगाच लावून घेतायत. सूचनांचा कागद दिला होता. त्यात सगळं लिहिलेलं होतं. मी तसं म्हटलंसुद्धा. मॅडम म्हणाल्या, "पुरुषांनाही तोच कागद दिला होता. ते झोपून होते." आणि मग काहीतरी आठवल्यासारख्या जिन्यातच थांबल्या. "बायका लवकर बऱ्या होतात," असं एकदा मोठ्यांदा म्हणून पाहिलं, आणि ती शिवी दिली, डाळिंबाची.

१७ फेब्रुवारी

आज.

मी आत गेले नाही. मॅडमनी विचारलं होतं, मीच नको म्हटलं. बाहेर बनुबाईंशेजारी बसले. त्यांनी पदराच्या गाठीतून खडीसाखर काढून दिली.

वॉर्डबॉय मधे एकदा बाहेर आला, म्हणाला जॅकचा ट्रे आत मागवलाय. म्हणजे छाती उघडायची तयारी. रविराज उठून भिंतीशी तोंड करून उभा राहिला. मी मॅडमना ओळखते, मला वाटलं काही झालं तरी त्या छेदातूनच करतील, हरणार नाहीत. आणि त्याचीच एकदम भीती वाटली.

नंतर कळलं. ट्रे उघडून बाजूला ठेवायला लावला होता, हाताशी. भूलवाल्या डॉक्टरांना म्हणाल्या, "चार वाजेपर्यंत खालचा भाग सुटला नाही तर मी उघडते. तेव्हा मी हट्ट केला तर मला आठवण करा." म्हणजे स्वतःवर पहारेकरी बसवला. सुटला. चारच्या आधी सुटला, त्याच जुन्या छेदातून. पण ट्रे उघडा ठेवून काम करणं हे मला सोलण्याहून मोठं वाटलं आणि का वाटलं ते अजून लिहिता येत नाहीये.

स्ट्रेचर बाहेर आलं तर मी दचकलेच. काखेपासून कमरेच्या वरपर्यंत पांढरी पट्टी! बोटभर छेदाला पंचाएवढी पट्टी.

बनुबाई उठून उभ्या राहिल्या. "अगं बया. किती टाके पडले?"

मॅडम म्हणाल्या, "आतलं मोजता येत नाही, मावशी. सव्वा महिना."

"सव्वा महिना," बनुबाई म्हणाल्या. आणि लगेच फोन लावून कोल्हारला सांगितलं की जीप पाठवा, माणसं येऊ द्यात.

१८ फेब्रुवारी

भांडले मॅडमशी. आयुष्यात पहिल्यांदा.

"मॅडम, हे खोटं आहे."

"काय?"

"पट्टी. खाली काही नाहीये. छेद एवढासा आणि पट्टी एवढी. तुम्ही लोकांना फसवताय. आपण संशोधन करतो ना? बाया मागास आहेत म्हणून आपणही मागास व्हायचं?"

मॅडम डाळिंब सोडून वर बघायला लागल्या. रागावतील असं वाटलं. नाही रागावल्या.

"आत मी तिचं अर्धं फुफ्फुस सोललंय. दोनदा. बाहेरून ते दोन बोटांचं दिसतं, हे खोटं आहे. पट्टी आतल्या मापाची आहे. घट्ट नाही, नुसती चिकटवलीय, श्वासाला अडत नाही. बदलायची ती तू जाऊन बदलायचीस, घरच्यांनी नाही."

"आणि हे पुण्यात सांगणार?"

"सांगणार."

"हसतील."

"हसू देत की. सर्जन हसले की निदान जागे असतात."

१५ मार्च

पुण्याला जाऊन आलो, मॅडमच्या गाडीनं. मोठा एसी हॉल. रोजा होता माझा, बाहेर समोशांचा वास, हाल.

मॅडमनी ऑपरेशनचे व्हिडिओ दाखवले तेव्हा सगळे खुर्चीत पुढे सरकले. माझ्या पुढच्या रांगेतले एक टकले सर शेजाऱ्याला म्हणाले, "नगरला करते ही हे?" मला त्यांच्या टकलावर टपली मारावीशी वाटली, प्रेमानं.

मग मॅडमनी बायकांचे आकडे लावले. लवकर कामाला लागण्याचे. दोघाचौघांनी टाळ्याही सुरू केल्या. मॅडमनी हात वर केला.

"टाळ्या नकोत. हे यश नाहीये. मी चुकीची गोष्ट मोजत होते. या बायका बऱ्या झाल्या नव्हत्या, त्यांना उठवलं होतं. त्यातली एक परत आली."

टकले सरच उठले. अगदी आपुलकीनं म्हणाले, "डॉक्टर, ती एक केस बाहेर काढा. पेशंटनं सूचना पाळल्या नाहीत, तुमची काय चूक? बाकी काम फार सुंदर आहे."

"सर, तिनं पाळल्या असत्या. तिला पाळू दिल्या नाहीत. आणि पाळू न द्यायला कारण मी दिलं, छोटंसं आहे म्हणून. ती केस यादीत पहिली राहील."

आणि पट्टीचं सांगितलं. हसले. सगळा हॉल हसला. मॅडमही हसल्या. मग एक मराठवाड्यातल्या डॉक्टरीण उठल्या आणि विचारलं, "पट्टी नेमकी किती बाय किती?" आणि हसू थांबलं. दोघीतिघी लिहून घ्यायला लागल्या.

येताना गाडीत म्हणाल्या, "टॅबमधला तो प्रश्न काढून टाक. कामाला लागली का. त्याऐवजी टाक, दुपारी आडवं व्हायला मिळतं का."

मग शिरूरला गाडी थांबवून माझ्यासाठी खजूर घेतले, इफ्तारीला. स्वतःही माझ्यासोबत तोपर्यंत काही खाल्लं नाही. शेंगदाणेसुद्धा नाहीत.

२७ मार्च

एस.टी.मध्ये लिहितेय, अक्षर समजून घ्या.

आज पट्टी काढायची होती. मॅडमनी सकाळी सांगितलं होतं, "एक्स-रे स्वच्छ आहे, फुफ्फुस पूर्ण उघडलंय. सव्वा महिना झालाच. काढून टाक, आता ठेवून उपयोग नाही."

कोल्हारच्या घरात पाऊल टाकलं तर बनुबाई चुलीपुढे. गुडघा धरून उठल्या. "चा टाकते." मी म्हटलं रोजा आहे. "अगं व्हय की, इसरलेच. मग सावलीला तरी बस." रविराज खाटेवर, मोबाईल. टाकीपाशी रिकामा हंडा आडवा पडलेला.

अश्विनी आतल्या खोलीत. गाल भरलेत तिचे. मी दार लोटलं, कात्री काढली. ती म्हणाली, "आधी हे बघा," आणि गोळ्यांचं यंत्र तोंडाला लावलं. तिन्ही गोळ्या वर, टक् करून, आणि वरच थांबल्या. मॅडम असत्या तर नाचल्या असत्या. मी नाचले थोडी.

"आता पट्टी काढू."

तिनं पट्टीवर हात ठेवला. "ताई. ऱ्हाऊ द्या ना."

"अगं, बरी झालीस तू. खाली काही नाहीये आता."

"माहिताय."

"मग?"

"लगीन झाल्यापासनं मी या खिडकीतनं बाहेर बघितलंच न्हवतं," ती म्हणाली. एका दमात, न थांबता. तिच्या बोलण्याला लय-बिय काही नाहीये. सरळ बोलते ती, आपल्यासारखी. "तिकडं शेवग्याचं झाड हाय. मला म्हाईतच न्हवतं आपल्याकडं शेवगा हाय म्हनून."

मी कात्री हातात धरून बसले. मॅडमनी स्पष्ट सांगितलंय काढ म्हणून. पट्टी आतल्या मापाची असते म्हणाल्या होत्या, आणि आत तर सगळं बरं झालंय. मीच भांडले होते खोटं म्हणून. पण बाहेर चुलीपाशी बनुबाई गुडघा चोळत कण्हतायत, तेही ऐकू येत होतं. हिची पट्टी राहिली की भाकरी त्यांनाच थापायच्या.

जुनी काढली. कातडी पुसली. आणि नवी लावली, आधीपेक्षा थोडी मोठीच.

बाहेर आले. बनुबाई परातीवरून मान वर करून बघत होत्या. "काडली का गं पोरी? उद्यापासनं करंल ना ती?"

"नाही," मी म्हटलं. "अजून महिनाभर. आणि मावशी, तुमच्या गुडघ्याची सूज मी बघितलीय, मॅडमना सांगते, तुम्हालाही चुलीपुढे बसायचं नाही. तुम्हालाही पट्टी लागणार बहुतेक. भाकरी रविराज करतील. पाणीही तेच भरतील, आणि धारासुद्धा. डॉक्टरांचा हुकूम आहे."

कुठल्या डॉक्टरांचा, ते कुणी विचारायच्या आत मी चप्पल घातली. रविराजनी मोबाईल खाली ठेवला होता आणि तोंड उघडलं होतं. मी अंगण ओलांडलं, फाटक लावून घेतलं, आणि रोज्याच्या उन्हात स्टँडपर्यंत अक्षरशः पळाले.

मॅडमना सांगायचं की नाही ते ठरलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं ते तर मी विचारतच नाहीये. तारकपूर आलं, उतरते.